पुन्हा ऐकायला कोणी गेलंच नाही

भाचीनं गिटारचा क्लास लावला आणि महिन्याभरात घरात ते सुरू झालं. डँ डँ डँऽऽ, डँ डँ ड-डँऽऽ. 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची सुरुवात. गिटार हातात घेणारं जवळजवळ प्रत्येक पोर आधी हेच वाजवतं, आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच सापडलं. एकाच तारेवर, पिक घट्ट धरून, जीव तोडून. मी नेमकी त्याच संध्याकाळी ते गाणं ज्यात आहे त्या, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'मशीन हेड'च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीचं प्लॅस्टिक फाडत बसले होते. (अल्बम मार्च 1972 चा, सुवर्णमहोत्सवी खोका आला मार्च 2024 मध्ये. रेकॉर्ड कंपन्यांचं पंचांग निराळं असतं.) गिटार खाली ठेवून ती शेजारी येऊन बसली. तीन सीडी, एक एलपी, एक ब्लू-रे, पुस्तिका. ती एकेक पाकीट उजेडात धरून मागची यादी वाचायला लागली. 'हायवे स्टार'. पुन्हा 'हायवे स्टार'. पुन्हा 'हायवे स्टार'. "अगं मावशी, ही सगळी तीच गाणी आहेत." हो म्हटलं, हे जुनं मिक्स नव्यानं मास्टर केलेलं, हे नवं मिक्स, हे तेच अ‍ॅटमॉसमध्ये (आवाज चहूबाजूंनी, वरूनही येतो तसं), आणि ही कार्यक्रमात वाजवलेली. शिवाय ते कपाटात आहे ते 1997 चं, ते आणखी वेगळं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यातलं खरं कुठलं?"

"पहिलं," असं म्हणून मी मोकळी झाले. ती परत गिटारकडे गेली. प्रश्न मात्र तिथेच बसून राहिला.

एक तर माझं स्वतःचं 'पहिलं' कुठे पहिलं होतं? मला हा अल्बम भेटला तो कुणीतरी कुणाकडून तरी भरून घेतलेल्या कॅसेटवर. जेमतेम 38 मिनिटांचा अल्बम. नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खा मावून वर जागा उरते, त्या जागेत भरणाऱ्यानं भलतंच काहीतरी भरलं होतं. टेप किंचित जलद फिरायची, त्यामुळे गायक इयन गिलनचा आवाज होता त्याहून कोवळा वाटायचा. 'लेझी' या गाण्याच्या सुरुवातीला जॉन लॉर्डचा ऑर्गन घुरघुरत वर येतो तिथे टेप कधीतरी चुरगळली होती, म्हणून त्या घुरघुरीला एक गचका बसायचा. मला तो गचका लॉर्डचाच वाटायचा. गायक ताना घेता घेता मध्येच अडल्यासारखं करून पुढे सरकतो ना, तसं काहीतरी त्यानं मुद्दाम केलंय असं मी धरून चालले होते. पुढे स्वच्छ सीडी मिळाली तेव्हा ती जागा आली, गेली, आणि काहीच झालं नाही. अजूनही तिथे आलं की मान थोडी पुढे होते. तर सांगायचं एवढंच की खरं-खोटं ठरवायला मी फार लायक साक्षीदार नाही.

स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती गाण्यातच आहे म्हटल्यावर असणारच. 'स्मोक ऑन द वॉटर' हा खरं तर पोवाडा आहे: स्थळ, माणसं, झालेली घटना, सगळं नावानिशी. 4 डिसेंबर 1971, जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा कॅसिनो, अमेरिकी संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम, प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेनं उडवलेली फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याची ज्योत सोडणारं पिस्तूल. छत वेताचं. जीव कुणाचा गेला नाही, कॅसिनो गेला. त्याच कॅसिनोत मुक्काम ठोकून रेकॉर्डिंग करायचं म्हणून आलेले पर्पलचे पाच जण सरोवरावर पसरणारा धूर बघत राहिले. पुढे काही दिवसांनी बासवादक रॉजर ग्लोव्हरला झोपेतून जागं होता होता ते शब्द सुचले. हे सगळं इतक्या मुलाखतींमधून, इतक्या माहितीपटांमधून येऊन गेलंय की आता त्या आगीची धगही गुळगुळीत झाली आहे.

मला आगीपेक्षा त्यानंतरचे दोन आठवडे जास्त आवडतात. मोंत्रो जाझ महोत्सवाच्या क्लोद नोब्सनं त्यांना आधी पॅव्हिलियन नावाचं एक नाट्यगृह मिळवून दिलं. तिथे रात्री यांनी एका नव्या गाण्याची चाल रेकॉर्ड करायला घेतली. आवाज असा की आजूबाजूची माणसं उठून बसली आणि पोलीस आले. बँडच्या पोरांनी आतून दार दाबून धरलं, तोवर आत टेक पूर्ण झाला. दुसरीकडे हलणं भागच होतं. मग मिळालं ग्रँड हॉटेल: हिवाळ्यात बंद, रिकामं, गारठलेलं. त्याच्या एका कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून यांनी आवाजाला आडोसा केला, ड्रम मांडले, अ‍ॅम्प्लिफायर लावले. रेकॉर्डिंगची यंत्रणा होती बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये. रोलिंग स्टोन्सचा तो फिरता स्टुडिओ, आत इंजिनिअर मार्टिन बर्च. केबली हॉटेलातून बाहेर गेलेल्या. आता एखादं गाणं वाजवून झालं की कुठलाही बँड काय करतो? धावत कंट्रोल रूममध्ये जातो, कसं झालंय ते ऐकतो, एकमेकांची उणीदुणी काढतो, परत येऊन पुन्हा वाजवतो. इथे ट्रकपर्यंत जायचं तर खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, कडाक्याच्या थंडीत द्राविडी प्राणायाम करत जावं लागायचं. दोनचारदा गेले असतील. मग कंटाळले. वाजवून झालं की एकमेकांकडे बघायचं, जमलं असं वाटलं तर पुढचं गाणं.

म्हणजे करणाऱ्यांनी तो अल्बम करताना फारसा ऐकलाच नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला 'मशीन हेड' वेगळा ऐकू येतो. त्यात एक प्रकारची बेफिकीर घाई आहे. तिला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, कारण गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरनं 'हायवे स्टार'मधला सोलो आधी घरून रचून आणलेला होता, एकेक सूर ठरवून. पण बाकीचं सगळं असं वाजतं की समोरच्याच्या चेहऱ्याशिवाय दुसरा आरसा नाही. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये मध्येच ग्लोव्हरचा बास एकटा बोलायला लागतो, तेव्हा बाकीचे कसे जरा मागे सरकून उभे राहिले असतील ते दिसतं. 'लेझी'त लॉर्ड आणि ब्लॅकमोर एकमेकांच्या खोड्या काढतात आणि ड्रमर इयन पेस दोघांना रुळावर ठेवतो. अरुंद कॉरिडॉर, हातभर अंतरावर माणसं, थंडी. परत मागे जाऊन तपासायची सोय असती तर त्यांनी हे गुळगुळीत केलं असतं, अशी मला दाट शंका आहे. संशय घ्यायला वेळ मिळाला की वाद्यं सभ्य होतात.

आणि इकडे आपण. आपल्याला खोका लागतो. त्यांनी जे एकदाच वाजवून सोडून दिलं ते आपल्याला चारी बाजूंनी, वरून, खालून, गायक बाजूला काढून, ऑर्गन पुढे आणून ऐकायचं असतं. मास्टर नव्यानं करणं समजू शकते. झालेल्या मिक्सवरची धूळ पुसायची, खर्ज-टीप जरा सावरायची, एवढंच त्यात असतं. मिक्स पुन्हा करणं मात्र धाडसाचं काम. मूळ टेपवर प्रत्येक वाद्य आपापल्या पट्टीवर वेगळं असतं. पुन्हा तिथपर्यंत मागे जायचं आणि 1972 साली कुणीतरी घेतलेले सगळे निर्णय उलटून नव्यानं घ्यायचे. कोण किती मोठा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, गाणं कुठे संपवायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त छळतं. 1997 साली पंचविशीच्या आवृत्तीसाठी ग्लोव्हरनं स्वतः हे काम केलं. म्हणजे कॉरिडॉरमध्ये उभा असलेला माणूस अखेर ट्रकपर्यंत पोहोचला, म्हणा. त्यानं जुन्या मिक्समध्ये हळूहळू विरत जाणारे शेवट पुढे चालू ठेवले. 'स्मोक ऑन द वॉटर' अर्ध्या मिनिटाहून जास्त लांबलं.

अर्धं मिनिट म्हणजे काही नाही, असं वाटेल. पण वर्षानुवर्षं ज्या जागी गाणं दूर जात जात नाहीसं होतं त्या जागेवरून ते पुढेच चालत राहिलं, तेव्हा मला अक्षरशः उठून उभं राहावंसं वाटलं. वाजवणं सुरूच होतं. या लोकांनी त्या दिवशी आवाज बारीक करत वाजवलं नव्हतं. बारीक केलं ते नंतर कुणीतरी, खटका हळूहळू खाली ओढून. हे मला बुद्धीनं आधीपासून माहीत होतं. तरी कानाला धक्का बसला. मला ते अर्धं मिनिट आवडतं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. एकीकडे वाटतं, फुकटचं मिळालंय, घ्यावं. दुसरीकडे वाटतं की गाण्यानं निघून जाण्यात एक शहाणपण होतं, ऐकणाऱ्याला मागे ठेवून जायचं. आणि आता आपण त्याच्या मागोमाग जिना उतरून रस्त्यापर्यंत गेलो आहोत. तिथे विशेष काही चाललेलं नाही. पेस वाजवतोय, लॉर्ड खेळतोय, कुणालातरी बहुधा चहाची तल्लफ आली असेल.

2024 चं मिक्स ड्वीझिल झापाचं आहे. हो, त्याच फ्रँक झापाचा मुलगा. त्या रात्री व्यासपीठावर ज्याचा कार्यक्रम चालू होता, ज्याची सगळी वाद्यं आणि यंत्रणा त्या आगीत गेली, आणि पुढच्या आठ दिवसांच्या आत, 10 डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकानं ज्याला स्टेजवरून खाली ढकललं आणि ज्याचं पुढचं बरंच वर्ष चाकाच्या खुर्चीत गेलं, त्या माणसाचा मुलगा. आग लागली तेव्हा ड्वीझिल दोन वर्षांचा होता. ज्या धुराचं गाणं झालं तो धूर त्याच्या घरच्या नुकसानीचा. कंपनीनं हे नाव निवडताना जाहिरातीचा विचार केला नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही, पण तो स्वतः तालेवार गिटारिस्ट आहे आणि त्याचं मिक्स निव्वळ योगायोगाच्या जोरावर उभं नाही. हेडफोन लावून 'स्मोक ऑन द वॉटर' सुरू केलं आणि पहिल्या मिनिटातच मी थांबवून मागे घेतलं.

त्या सुरुवातीकडे जरा जवळून बघायला हवं. आधी गिटार एकटी. ब्लॅकमोर इथे पिक वापरत नाही. अंगठा आणि बोटानं दोन तारा एकदम छेडतो, चिमटीत धरल्यासारख्या. दोन सुरांमधलं अंतर मध्यमाचं: आपल्या भाषेत खालचा सा धरला तर वरचा म. ती सा-मची जोडी तशीच्या तशी वर सरकते, खाली येते, कुठेही सुटत नाही. म्हणून त्या चार सुरांना तो जाडपणा आहे, दगडावर दगड ठेवल्यासारखा. मग पेसची हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी), आणि तिच्याबरोबरच गिटार एकदम दुप्पट रुंद होते. ती दुप्पट होणारी गिटार गिटार नसतेच. तो लॉर्डचा हॅमंड ऑर्गन असतो, मार्शलच्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेला, फाटलेला, खरखरीत. चर्चमधल्या वाद्याचा नातेवाईक असा गुंडासारखा वागताना ऐकायला मजा येते. कॅसेटवर हे दोघे एकजीव होते. मला कित्येक वर्षं ती एकच प्रचंड गिटार वाटायची. नव्या मिक्समध्ये लॉर्ड आत पाऊल टाकतो ते मला ऐकू आलं. मी भाचीला हाक मारून एक कान तिला दिला. तिनं ऐकलं, गिटार आणली, पिक बाजूला ठेवून चिमटीनं दोन तारा छेडून बघितल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं. "असं आहे होय," म्हणाली, आणि पुढे मला तिथे जागा उरली नाही.

हे देणं नव्या मिक्सचं आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण लॉर्ड वेगळा ऐकू यायला लागला आणि त्या दोघांचं मिळून जे एक जनावर होतं ते गेलं, हेही तितकंच. दोघं मिळून एक आवाज व्हावा म्हणूनच तर त्यानं ऑर्गन गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. लॉर्ड 2012 मध्ये गेला, बर्च 2020 मध्ये. विचारायला कोणी नाही. आणि विचारलं असतं तरी बर्च काय म्हणाला असता? त्यानं त्या ट्रकमध्ये बसून, हातात होतं त्यातून केलं.

अशा आवृत्त्यांमध्ये वगळलेलं गाणं हमखास परत येतं, आणि या अल्बमचं वगळलेलं गाणं म्हणजे 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'. त्याच हॉटेलात रेकॉर्ड झालेलं, संथ, उघडं, गिलननं फार आतून गायलेलं. ब्लॅकमोरला ते आवडायचं नाही, म्हणून अल्बमवर घेतलं नाही. 'नेव्हर बिफोर' या सिंगलच्या पाठीवर टाकून दिलं. ब्लॅकमोर बँडमध्ये असेपर्यंत कार्यक्रमांतही ते जवळपास वर्ज्यच. 1972 च्या एप्रिलमध्ये तो आजारी पडला, त्याच्या जागी रँडी कॅलिफोर्निया एका कार्यक्रमापुरता उभा राहिला, तेव्हा बाकीच्यांनी ते वाजवून घेतलं. साहेब रजेवर असताना ऑफिसात जे चालतं तेच. ब्लॅकमोर 1993 मध्ये कायमचा गेल्यावर मग ते नेमानं वाजायला लागलं आणि लोकांचं लाडकं झालं. 1997 च्या आवृत्तीत ते मूळ सात गाण्यांच्या रांगेत येऊन बसलं. मला ते गाणं अतिशय प्रिय आहे. आणि मला ते 'मशीन हेड'वर नको आहे. 'स्पेस ट्रकिन'' संपल्यावर खोली हादरलेली असते, तिथे कुणी येऊन खांद्यावर हात ठेवू नये. ब्लॅकमोरच्या स्वभावाबद्दल जे काही ऐकलंय ते ऐकून त्याच्या बाजूनं बोलायला मला आनंद होत नाही, पण इथे त्याचं बरोबर होतं.

नेहमीच त्याचं किंवा त्यांचं बरोबर होतं असं मात्र नाही. अल्बममधून चालणारं गाणं म्हणून त्यांनी पैज लावली ती 'नेव्हर बिफोर'वर. आज ते कुणी गुणगुणताना ऐकलंय? 'स्मोक ऑन द वॉटर' अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं ते 1973 मध्ये, अल्बमनंतर वर्षभरानं, आणि त्या उन्हाळ्यात चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. ते चढत होतं तेव्हा 29 जून 1973 ला ओसाकामध्ये गिलन आणि ग्लोव्हर बँडबरोबरचा त्यांचा तेव्हाचा शेवटचा कार्यक्रम वाजवून बाहेर पडले. ज्यानं ते शब्द सुचवले आणि ज्यानं ते गायले, ते दोघेही. त्यांनी ट्रकपर्यंत जाऊन ऐकलं असतं तर त्यांना आधी कळलं असतं का? मला नाही वाटत. हे गाणं त्यांना त्यातल्या त्यात साधं वाटत होतं, आणि साधं ओळखायला जवळचा कान उपयोगी पडत नाही; त्याला दूरचा, टेप चुरगळलेला कान लागतो.

खोक्यातली एक सीडी मी शेवटी ठेवली होती, आणि खरं तर तिच्यासाठीच तो घेतला. एप्रिल 1971 चा कार्यक्रम, मोंत्रोच्या कॅसिनोतला. आगीच्या आधीचे आठ महिने. अजून ना हॉटेल, ना धूर, ना ते गाणं. आवाज काही फार स्वच्छ नाही. अ‍ॅटमॉसवाल्यांनी नाक मुरडावं असाच. पण गाणं संपल्यावर जी टाळी पडते ती त्या दालनाची आहे: त्या भिंती, ते छत, मागच्या रांगेतल्या शिट्ट्या. नंतर त्या जागी नवा कॅसिनो उभा राहिला, 1975 मध्ये, पण ही घुमणारी पोकळी परत कुणाला बांधता येणार नव्हती. इथे बँड उतावळा आहे, जागोजागी पसरट आहे, एका ठिकाणी मला तो चक्क कंटाळवाणा वाटला. तरी पाच जणांपेक्षा मी त्या दालनालाच ऐकत होते.

कुणी विचारलंच तर माझा सल्ला साधा आहे. अल्बम अजून ऐकला नसेल तर हा खोका घेऊ नका. साधी जुनी 'मशीन हेड' मिळवा, सात गाणी, लागली त्या क्रमानं ऐका. ऐकून ऐकून पाठ झाला असेल तर आधी कॅसिनोची सीडी लावा, मग झापाचं मिक्स हेडफोनवर, आणि 1997 चा ग्लोव्हर कुणाकडे असेल तर मागून घ्या. माझी हाव अजून एका गोष्टीची आहे आणि ती कुठल्याच आवृत्तीत पुरी होण्यासारखी नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'चा पाया पॅव्हिलियनमधल्या त्या रात्रीचा आहे. पेसचे ते ड्रम, ब्लॅकमोरची ती चिमूट, सगळं पोलीस दाराबाहेर असताना वाजलेलं. इतके लोक त्या टेपच्या पट्ट्या उलगडून बसले, हा वर केला, तो खाली केला. एखाद्या माइकमध्ये दारावरची थाप शिरली असेल असं मला कधीपासून वाटतं. मी प्रत्येक नव्या मिक्समध्ये ती शोधते. पेस इतका जोरात वाजवतो की सापडायची नाही.